बाबांच्या गोळ्या फार्मासिस्टने बदलल्या, हे चालतं का?

पत्र आलंय इंग्लंडमधल्या लेस्टरजवळून, थोडं छोटं करून देतेय:

"ताई, बाबा ७६ वर्षांचे आहेत, आई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. बीपी, शुगर, गुडघे, सगळंच आहे, रोजच्या नऊ गोळ्या. मागच्या महिन्यात सर्जरीतून (म्हणजे इथल्या जीपीच्या, फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातून) फोन आला, पण डॉक्टरांचा नाही, तिथल्या क्लिनिकल फार्मासिस्ट बाईंचा. वीसेक मिनिटं बोलल्या, बीपीची गोळी, ॲम्लोडिपिन, १० ची ५ केली आणि लघवीची गोळी, फ्युरोसेमाइड, बंदच करून टाकली. बाबा जाम भडकलेत. म्हणतात औषधाच्या दुकानातली बाई मला काय सांगणार, डॉक्टर टाळतायत आणि सरकार पैसे वाचवतंय. ड्रॉवरमधल्या जुन्या पाकिटांतून जुन्याच गोळ्या घेतायत, त्यात इंडियातून आणलेल्या पण काही असाव्यात. आता पुढच्या आठवड्यात परत तिचीच अपॉइंटमेंट आलीये. जाऊ की डॉक्टरच हवा म्हणून भांडू?"

अगं, जा. भांडू नकोस, निदान अजून तरी नको. पण त्याआधी आजच्या आज एक काम कर, बाबा नक्की काय काय घेतायत ते शोधून काढ. कारण आत्ता त्या बाईंच्या स्क्रीनवर एक यादी आहे आणि बाबांच्या पोटात जातेय ती वेगळीच, आणि असं असताना फार्मासिस्ट बघू दे नाहीतर सर्जरीतले सगळ्यात सिनियर डॉक्टर बघू देत, निर्णय चुकणारच.

मी स्वतः इथे इंग्लंडमध्ये एका जीपी सर्जरीत हेच काम करते, त्यामुळे थोडी आमच्या बाजूने बोलणार हे धरूनच वाच.

आधी बाबांचा राग. त्यांच्या डोक्यात फार्मासिस्ट म्हणजे काउंटरमागे उभं राहून पाकीट देणारा माणूस, आणि त्यात त्यांची काही चूक नाही, आपण सगळ्यांनी तेच बघितलंय. पण ह्या बाई दुकानातल्या नाहीत, सर्जरीच्या टीममधल्या आहेत (पगार बहुतेक सर्जरी नाहीतर आसपासच्या सर्जऱ्यांचं मिळून जे नेटवर्क असतं ते देतं), आणि बाबांची पूर्ण फाइल त्यांना दिसते, म्हणजे ब्लड रिपोर्ट, हॉस्पिटलची पत्रं, गेल्या दहा वर्षांत कोणती गोळी कोणी कधी आणि का सुरू केली ते सगळं. कोपऱ्यावरच्या केमिस्टला ह्यातलं फारच थोडं दिसतं. शिक्षण दोघांचं एकच, एमफार्म ही फार्मसीची चार वर्षांची पदवी, त्यावर वर्षभराचं ट्रेनिंग, परीक्षा, मग जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलच्या रजिस्टरवर नाव. सर्जरीत येणारे लोक वर आणखी शिकतात आणि बरेच जण प्रिस्क्राइबर असतात, म्हणजे स्वतःच्या सहीने औषध लिहू शकतात, बदलू शकतात, बंद करू शकतात. हा अधिकार इथे फार्मासिस्टना २००६ पासून आहे, काल-परवा आलेलं खूळ नाहीये, आणि २०२६ पासून तर नवीन पास होणारे फार्मासिस्ट रजिस्टरवर येतानाच प्रिस्क्राइबर म्हणून येणार आहेत. तरीपण खात्री हवी असेल तर सरळ विचार, तुम्ही प्रिस्क्राइबर आहात का. कुणाला राग येत नाही ह्याचा. आणि विचारायला संकोच वाटला तर कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव टाकून बघ, तिथे लिहिलेलं असतं.

"डॉक्टर टाळतायत" ह्यात मात्र थोडं तथ्य आहे, ते मी नाकारणार नाही. एनएचएस इंग्लंडने (इथली सरकारी आरोग्यसेवा चालवणारी संस्था) २०१५ मध्ये सर्जऱ्यांमध्ये फार्मासिस्ट ठेवायचा पायलट, म्हणजे प्रयोग म्हणून छोटी योजना, काढला आणि २०१९ पासून तीस ते पन्नास हजार पेशंटची नेटवर्क्स बनवून त्यांना ह्या पगारांचे पैसे द्यायला सुरुवात केली, आणि हे सगळं झालं कारण जीपी पुरत नव्हते. पण कारण काहीही असो, काम तपासून बघितलंय लोकांनी. नॉटिंगहॅमच्या टीमने ७२ सर्जऱ्यांमध्ये केलेला एक ट्रायल २०१२ मध्ये लॅन्सेट ह्या मेडिकल जर्नलमध्ये आला होता, अर्ध्या सर्जऱ्यांना नुसते कॉम्प्युटरने काढलेले धोक्याच्या पेशंटचे रिपोर्ट दिले आणि बाकीच्यांना त्याच्याबरोबर एक फार्मासिस्टपण दिला, तर फार्मासिस्टवाल्या ठिकाणी धोकादायक प्रिस्क्रिप्शन्स स्पष्टपणे कमी झाली, म्हणजे अल्सर होऊन गेलेल्या माणसाला पोटाच्या संरक्षणाशिवाय पेनकिलर, दमेकऱ्याला बीटा ब्लॉकर (बीपी-हृदयाच्या गोळ्यांचा एक प्रकार), असले प्रकार. नुसता रिपोर्ट हातात पडून काही होत नाही गं, कुणीतरी बसून एकेक फाइल उघडायला लागते, आणि सकाळी साडेआठपासून दहा-दहा मिनिटांच्या अपॉइंटमेंट घेणाऱ्या डॉक्टरला तेवढा वेळ कुठून मिळणार.

पैसे वाचवण्याचं म्हणशील तर साठीनंतर इंग्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शन फुकट आहे, बाबांच्या खिशाला तसाही फरक नाही, आणि ॲम्लोडिपिन आणि फ्युरोसेमाइड ह्या दोन्ही इतक्या स्वस्त जेनेरिक गोळ्या आहेत की त्या बंद करून कुणाचंही बजेट सुधारत नाही. पैशासाठी बदल होतात, नाही असं नाही, एका ब्रँडचा इनहेलर बदलून दुसरा देणं वगैरे आम्ही करतो आणि ते पेशंटला तसं स्पष्ट सांगायला हवं, काही जण सांगत नाहीत, मला ते आवडत नाही. पण तुझ्या पत्रातला बदल त्या जातीचा वाटत नाहीये.

तो कसला वाटतोय ते सांगते. मी बाबांची फाइल बघितलेली नाही, तेव्हा हा अंदाज आहे, पण ही जोडी आम्ही इतक्या वेळा बघतो की अंदाज करायला फार डोकं लागत नाही. ॲम्लोडिपिनने घोट्याशी पाय सुजतात, खूप कॉमन साइड इफेक्ट आहे, आणि डोस १० असेल तर जास्तच. मग पेशंट जातो, पाय सुजलेत म्हणतो, बघणारा घाईत असतो, पाणी साचलंय म्हणून फ्युरोसेमाइड देतो. ॲम्लोडिपिनची सूज ह्या गोळीने नीट उतरतच नाही कारण ती शरीरात पाणी जास्त झाल्याची सूज नसते, रक्तवाहिन्या सैल पडून पाणी बाहेर झिरपल्याची असते. मग फ्युरोसेमाइडमुळे दिवसभर लघवीला पळायचं, सोडियम-पोटॅशियम खालीवर, उठून उभं राहिलं की चक्कर, आणि पुढे कुणीतरी चक्करेची गोळी देतं. एका गोळीचा त्रास झाकायला दुसरी, दुसरीचा झाकायला तिसरी, आणि प्रत्येक वेळी देणाऱ्याचं त्या दिवसापुरतं बरोबरच असतं. हे असं उलगडत मागे जायचं, पहिली गोळी कमी करायची आणि दुसरी काढायची, हेच त्या बाईंनी केलेलं दिसतंय. करायलाच हवं होतं असं काम आहे हे.

पण थांब, ह्यात एक मोठा "जर" आहे. फ्युरोसेमाइड हार्ट फेल्युअरसाठी (हृदय नीट पंप करत नाही त्यासाठी) चालू असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी, मग ती अशी काढत नाहीत. तेव्हा अपॉइंटमेंटमध्ये तुझा पहिला प्रश्न हाच, "ही गोळी मुळात कशासाठी सुरू झाली होती आणि बाबांच्या फाइलमध्ये हार्ट फेल्युअर लिहिलंय का?" नीट काम करणारी व्यक्ती ह्याचं उत्तर लगेच देईल, बहुतेक फोन करायच्या आधीच तिने ते तपासलेलं असेल. आणि मधल्या काळात बाबांना धाप लागली, रात्री आडवं झोपवेना, दोन-तीन दिवसांत वजन पटकन दोन किलो वाढलं, तर पुढच्या आठवड्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी सर्जरीला फोन, आणि बसल्या जागी श्वास पुरत नसेल तर ९९९, ॲम्ब्युलन्स.

दुसरा प्रश्न, बीपीचं कोणतं रीडिंग बघून डोस कमी केला. फोनवर केलं हे मला तेवढं खटकत नाही, बीपीचे निर्णय घरच्या रीडिंगवर चांगले होतात, कधीकधी सर्जरीत मोजलेल्यापेक्षा चांगले, पण रीडिंग हवं ना. बाबांच्या वयाला, म्हणजे ८० च्या आत, घरी मोजलेलं सरासरी १३५/८५ च्या खाली असावं असं नाइसची, म्हणजे उपचारांच्या गाइडलाइन काढणाऱ्या इथल्या संस्थेची, गाइडलाइन म्हणते. तुमच्याकडे दंडावर बांधायचं मशीन असेल तर अपॉइंटमेंटपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसवून, दोन-दोनदा मोज आणि लिहून ठेव. चहा पिता पिता, टीव्हीवर राजकारणाच्या बातम्या लावून मोजू नकोस, माझे अर्धे पेशंट असंच मोजतात.

आता ते ड्रॉवर. खरं सांगू का, मला सगळ्यात जास्त काळजी तुझ्या पत्रातल्या ह्याच एका ओळीची वाटली, आणि ती तू अगदी शेवटी जाता जाता लिहिलीयेस.

सगळी पाकिटं टेबलवर ओत. सर्जरीची, इंडियातली, सुपरमार्केटमधल्या पेनकिलर, आयुर्वेदिक, व्हिटॅमिन, शेजाऱ्यांनी दिलेलं तेल सुद्धा. प्रत्येकाच्या मागे बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ब्रँडचं नाही, ते वाच आणि फोटो काढ. इंडियातल्या बीपीच्या गोळ्या पुष्कळदा जोडगोळ्या असतात, एकाच गोळीत दोन औषधं. समज बाबांच्या ड्रॉवरमध्ये टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन एकत्र असलेली स्ट्रिप आहे आणि ते ती "माझी जुनी चांगली बीपीची गोळी" म्हणून अधूनमधून घेतायत, आणि इथली ॲम्लोडिपिन चालूच, आणि वर सर्जरीने रामिप्रिल ही बीपीची दुसरी गोळी पण दिलेली असेल (शुगर आणि बीपी दोन्ही असलेल्यांना बऱ्याचदा असते). म्हणजे ॲम्लोडिपिन डबल झाली, आणि रामिप्रिल आणि टेल्मिसार्टन एकाच जातकुळीतली असल्यामुळे त्या एकत्र घेत नाहीत, पोटॅशियम वाढतं, किडनीवर ताण येतो. पाय का सुजले ह्याचं उत्तरसुद्धा कदाचित त्याच ड्रॉवरमध्ये सापडेल, आणि हे त्या बाईंना फाइलमध्ये जन्मात दिसणार नाही, तू सांगितल्याशिवाय.

गुडघ्यांसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक पोटातून घेत असतील तर ते पण सांग, लपवू नका. रामिप्रिलसारखी गोळी, लघवीची गोळी आणि ही पेनकिलर असं त्रिकूट एकत्र आलं की म्हाताऱ्या माणसाची किडनी अचानक बसू शकते, उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलं किंवा जुलाब झाले की जास्तच. ह्याच कारणाने "उलट्या-जुलाब झाले तर कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या" हे विचारून लिहून घे, शुगरची मेटफॉर्मिन पण त्या यादीत येते बहुतेक. आयुर्वेदिक म्हटलं की आपल्याकडे लोक म्हणतात त्याला काय विचारायचं, पण भस्मांमध्ये शिसं-पारा सापडल्याची प्रकरणं आहेत, तेव्हा ते पण टेबलावर.

आणि हो, तोपर्यंत बाबांनी काय घ्यायचं हा प्रश्न पुढच्या आठवड्यावर ढकलू नकोस. सर्जरीला आजच फोन करून रिसेप्शनला सांग की वडील बदललेला डोस घेत नाहीयेत, जुन्या गोळ्या आणि बाहेरच्या गोळ्या घेतायत, फार्मासिस्टला मेसेज द्या. असला मेसेज आला की आम्ही शक्यतो त्याच दिवशी फोन करतो. तू तुझ्या मनाने काही चालू-बंद करू नकोस, मीसुद्धा इथून सांगणार नाही.

ह्या अपॉइंटमेंटला, म्हणजे औषधांच्या रिव्ह्यूला, बसलात की अजून काय काढायचं, तर मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ कधी तपासलं ते विचार, ते कमी होऊ शकतं, तळपायाला मुंग्या येणं प्रत्येक वेळी शुगरनेच असतं असं नाही. ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर अजून लागते का ते विचार. बाकी फार प्रश्नपत्रिका नेऊ नकोस. ह्या रिव्ह्यूला नेहमीच्या अपॉइंटमेंटपेक्षा चांगला जास्त वेळ ठेवणं अपेक्षित असतं, नऊ गोळ्यांचा हिशेब घाईत होत नाही, तेव्हा कुणी सात मिनिटांत उरकायला लागलं तर "उरलेल्यांसाठी अजून एक वेळ द्या" असं बिनधास्त म्हण. आणि फोनवर बाबांना ऐकू येत नसेल, नाहीतर पाकिटं दाखवायची असतील, तर समोरासमोरची वेळ माग. ह्या केसमध्ये मी तरी समोरच बोलावलं असतं.

ह्या रिव्ह्यूंच्या मागे लागायचं कारण पण सांगते, म्हणजे बाबांना कळेल की हे त्यांच्यावरच काही खास संकट नाहीये. २०२१ मध्ये इंग्लंडच्या मुख्य फार्मसी अधिकाऱ्यांनी, कीथ रिज ह्यांनी, एक सरकारी अहवाल दिला, त्यात असं निघालं की हॉस्पिटलबाहेर, जीपीकडून वगैरे, दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी साधारण १० टक्के गरज नसताना दिली जातात आणि पासष्टीपुढच्या लोकांच्या दर पाच हॉस्पिटल ॲडमिशनपैकी एक औषधांच्या दुष्परिणामांमुळे होते. पाचात एक. म्हणजे जास्त गोळ्या म्हणजे जास्त काळजी हे जे बाबांच्या पिढीला वाटतं ना, की डॉक्टरने काही लिहून दिलं नाही म्हणजे नीट बघितलंच नाही, ते ह्या वयात उलटं पडतं.

आमचं बरंचसं काम तर पेशंटला दिसतच नाही. हॉस्पिटलमधून डिस्चार्जचं पत्र येतं, समजा स्टेंट टाकलाय, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही लिहिलंय, आणि पान दोनवर एका ओळीत, "क्लोपिडोग्रेल १२ महिने". ही ओळ कुणी वाचून यादीत शेवटची तारीख टाकली नाही तर गोळी रिपीटवर (परत परत मिळत राहणाऱ्या औषधांच्या यादीवर) जाते आणि तीन वर्षांनी माणूस अजून दोन-दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतो, नाकातून रक्त येतं म्हणून तक्रार करत. वर त्याला ॲसिडिटीची ओमेप्राझोल असेल तर ती क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करते म्हणून बदलून लॅन्सोप्राझोल करायची. किंवा मेथोट्रेक्सेट, संधिवाताची, जी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि कुणी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, त्यांचं ब्लड वेळेवर झालं का हे बघितल्याशिवाय पुढचं प्रिस्क्रिप्शन सोडायचं नाही, आणि मग पेशंट रिसेप्शनवर चिडतो की माझ्या गोळ्या का अडवल्या. हे दिवसभर चालतं. डॉक्टर हे करायचे नाहीत असं नाही, पण ते करायचे रात्री साडेसातला, सगळे पेशंट संपल्यावर.

आता डॉक्टरच हवा असं कधी म्हणायचं. नवीन काहीतरी होतंय आणि कशामुळे ते माहीत नाही, अशा वेळी. वजन आपोआप उतरतंय, शौचातून रक्त, गाठ लागतेय, गिळताना अडकतंय, विसरायला लागलेत, नवीन दुखणं. फार्मासिस्ट औषधं जाणतो, निदान करणं हे त्याचं मुख्य काम नाही, आणि रिसेप्शनने असल्या तक्रारीला फार्मासिस्टची वेळ दिली तर तिथे मात्र नक्की भांड, मी तुझ्या बाजूने. काही सर्जऱ्या फार्मासिस्टला मधली भिंत म्हणून वापरतात, जे कुणाकडे बसत नाही ते इकडे ढकल, आणि आमच्यातलेच काही जण "नाही, हे माझं नाही" म्हणायला कचरतात. चांगला फार्मासिस्ट ओळखायचा कसा असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, जो "हे मी डॉक्टरांशी बोलून सांगतो" असं म्हणतो आणि खरंच परत फोन करतो.

बाबांना कसं न्यायचं ते तूच बघ, पण "डॉक्टरऐवजी" असं म्हणू नकोस. "डॉक्टरांच्याच टीममधल्या औषधांच्या एक्सपर्ट आहेत, तुम्हाला जे विचारायचंय ते थेट त्यांना विचारा" असं सांग, आणि मग तिथे त्यांनाच बोलू दे. माझ्या अनुभवात चिडलेली माणसं सगळ्यात चांगले प्रश्न विचारतात. त्यांना बदल पटलाच नाही तर तसं स्पष्ट सांगायचा हक्क आहे त्यांना, गोळी काढायची तर ते पेशंटशी बोलून, मिळून ठरवणं अपेक्षित असतं, आणि न पटलेली गोष्ट ते ड्रॉवरमधून उलटवणार असतील तर तो रिव्ह्यू झाला काय आणि नाही झाला काय. त्या बाईंनी पहिल्या फोनवर त्यांना कारण नीट समजावलं नसेल तर ती त्यांची कमी, आणि ते त्यांना सांगायला हरकत नाही.

दोन कागदोपत्री गोष्टी. बाबांच्या वतीने तुला बोलायचं असेल तर त्यांनी सर्जरीत तशी परवानगी नोंदवायला हवी, नाहीतर त्या तुझ्याशी मोकळेपणाने बोलू शकणार नाहीत, त्याचबरोबर एनएचएस ॲपवर त्यांच्या खात्याचा प्रॉक्सी ॲक्सेस पण मागून घे, रिपीटची यादी आणि ब्लड रिपोर्ट तुलाही दिसतील. आणि बाबांचं इंग्रजी कामापुरतंच असेल तर सर्जरीने मराठी दुभाषी फुकट द्यायचा असतो, फोनवर का होईना. तू बरोबर असलीस तरी माग, कारण मुलीसमोर वडील लघवीच्या तक्रारी नीट सांगत नाहीत आणि तू भाषांतर करताना नकळत त्यांची बाजू सावरून घेशील. फक्त हे आजच्याच फोनमध्ये सांगून ठेव, ऐनवेळी मराठीवाला मिळत नाही, हिंदीवाला देतात.